राखणदाराच्या वहाणा

काही वर्षांपूर्वी मुलांसाठी निघणाऱ्या एका अंकाकरिता मी एक गोष्ट लिहून दिली. गोष्ट माझी नव्हती. माझ्या आजीची होती. आजीनेही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच असणार. वेंगुर्ल्याच्या बाजूला आमची माडा-पोफळीची लहानशी बाग होती आणि त्या बागेच्या कोपऱ्यात, गडग्याच्या आतल्या अंगाला, राखणदाराचा धोंडा होता. गोष्ट त्या धोंड्याची.

आजी सांगे ती अशी. एका बागायतदाराने वडिलांच्या मागे बाग ताब्यात घेतली. वडील दरसाल राखणदाराला कोंबडा, रोट आणि वहाणांचा एक जोड देत. मुलगा हिशेबी. कोंबडा शेवटी आपल्याच पानात पडतो म्हणून तो त्याने चालू ठेवला. वहाणा मात्र बंद केल्या. धोंड्याला पाय कुठे असतात, असे त्याचे म्हणणे. त्याच वर्षी एका रात्री तो पाट बघायला बागेत उतरला आणि त्याला चकवा लागला. बाग ती केवढी! एका टोकाकडून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू यावी. पण रात्रभर तो चालत राहिला आणि दर खेपेस त्याच एका माडापाशी येऊन पोचला. उजाडताना घरच्यांना तो धोंड्याजवळ बसलेला सापडला. धडधाकट होता, शुद्धीवर होता. फक्त त्याच्या पायांतल्या नव्याकोऱ्या वहाणांचे तळवे पार झिजून गेले होते. इथे आजी थांबे आणि म्हणे, ‘झोपा आता.’

मी ही गोष्ट लिहिली तेव्हा तिचा शेवट मला कोता वाटला. मुलांच्या हाती काहीतरी चांगले ठेवावे, या सद्हेतूने मी राखणदाराला प्रत्यक्ष समोर आणला. पांढरी दाढी आणि मिस्कील डोळे असलेला हा म्हातारा बागायतदाराला म्हणतो, की मला तुझ्या वहाणा नकोत, कोंबडाही नको. झाडांवर माया कर म्हणजे मला सारे पोचले. अंकाच्या चित्रकाराने त्याच्या डोक्यावर टोकदार लाल टोपी चढवली. जर्मनीत थुरिंजियाच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात मातीचे जे बागेतले बुटके घडवले, त्यांची ती टोपी. मी तिला हरकत घेतली नाही. आमच्या राखणदाराने टोपी घालावी की मुंडासे बांधावे, हा प्रश्न मला त्या वेळी महत्त्वाचा वाटला नव्हता.

अंक घेऊन मी गावी गेलो. आमच्या बागेत जन्मभर शिंपणे केलेली एक म्हातारी तेव्हा हयात होती; आम्ही सारी तिला काकी म्हणत असू. तिला मी गोष्ट वाचून दाखवली. तिने ती लक्ष देऊन ऐकली, चित्राकडे बोट करून थोडी हसली आणि म्हणाली, ‘गोष्ट बरी हा. पण तू तेका व्हाणो देवक इसारलंस. मगे तो रातचो चलतलो कसो?’

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पुढे लोककथांच्या पुनर्कथनाविषयी मी जे काही वाचले आणि विचार केला, तो सारा या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. या लेखातही मी तेच करणार आहे.

बागेतल्या आणि रानातल्या या अदृश्य मंडळींच्या कथा आपल्याकडे लिखित रूपात आल्या त्या प्रथम माहिती म्हणून. ए. एम. टी. जॅक्सन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती गोळा करण्यासाठी गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावलीची उत्तरे मागवली होती. हाच जॅक्सन पुढे नाशिकचा कलेक्टर झाला आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आला असता अनंत कान्हेरे यांच्या गोळ्यांना बळी पडला. त्याने जमवलेली सामग्री आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केली आणि कोकणचा खंड १९१५ साली बाहेर पडला. मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाण्यात राहतो, बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते, अशा नोंदी त्यात ओळीने येतात आणि त्यांच्याखाली गावाच्या नावासह मास्तरांचा निर्देश असतो. या मास्तरांचे ऋण मोठे आहे. त्यांनी लिहिले नसते तर पुष्कळ गोष्टींचा मागही उरला नसता. परंतु प्रश्नावली जे विचारते तेच उत्तरात येते. भूत कोठे राहते, कसे दिसते, त्यावर उपाय काय, एवढेच विचारले की गोष्ट गळून जाते आणि भुतांची जंत्री मागे राहते. आजीच्या गोष्टीतला बागायतदार कंजूष होता, आणि त्याचा युक्तिवाद तसा बिनतोड होता, हे जंत्रीत कोठे बसवायचे?

पुनर्कथनाचा हा पहिला प्रकार, नोंदीचा. दुसरा भीतीचा. रहस्यकथांच्या मासिकांनी आणि पुढे चित्रपटांनी हडळ, खवीस आणि मुंजा यांना घरात आणले ते केवळ अंगावर काटा आणण्यासाठी. त्यांच्याविषयी मला फारसे सांगायचे नाही. भीती हा लोककथेचा खरा धर्म आहे आणि ती गाळण्यापेक्षा ठेवणे बरे. मात्र तिथे भुताचा आणि माणसाचा आधीचा काही संबंध नसतो. माणूस वाट चुकतो आणि भूत भेटते, एवढेच. आजीच्या गोष्टीत राखणदार आणि बागायतदार यांचे पिढ्यांचे नाते आहे. भीती त्या नात्यातून निर्माण होते. परक्या ठिकाणी वाट चुकण्यापेक्षा स्वतःच्याच बागेत वाट चुकणे अधिक भयंकर, हे ज्याने ती गोष्ट प्रथम रचली त्याला पक्के ठाऊक होते.

तिसरा प्रकार लाडाचा. तो माझा प्रकार, म्हणून त्याविषयी अधिक विस्ताराने बोलणे मला भाग आहे.

ग्रिम बंधूंच्या संग्रहात मोची आणि बुटक्यांची एक कथा आहे. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीपासून ती तिथे आहे आणि आपल्याकडे इंग्रजी क्रमिक पुस्तकांच्या वाटेने ती अनेकांच्या ओळखीची झाली आहे. गरीब मोची रात्री चामडे कापून ठेवतो; सकाळी जोडे तयार. नवराबायको जागून पाहतात तो दोन उघडे बुटके बसून जोडे शिवत आहेत. त्यांची कीव येऊन बायको त्यांच्यासाठी इवले कपडे शिवते. बुटके कपडे चढवतात, नाचत दाराबाहेर पडतात आणि पुन्हा कधी येत नाहीत. स्कॉटलंडमधल्या ‘ब्राउनी’ नावाच्या घरभुताचीही हीच तऱ्हा. घरातली, गोठ्यातली कामे तो रात्री गुपचूप उरकतो. त्याला कपडे दिले की तो घर सोडतो.

आता शेजारी आपल्या आरवलीचा वेतोबा ठेवून पाहावा. वेंगुर्ले तालुक्यातल्या या देवाला भाविक चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाची फेरी घालतो, म्हणून त्या वहाणा झिजतात, आणि झिजल्या म्हणून पुन्हा नव्या वाहायच्या, अशी श्रद्धा आहे. गोमंतकात आणि तळकोकणात राखणदाराच्या, देवचाराच्या बाबतीतही वहाणा, काठी, घोंगडी अशा वस्तू येतात. या सगळ्या फिरत्या माणसाच्या, रात्रीच्या जागल्याच्या वस्तू आहेत. तिकडच्या बुटक्याला वस्त्र दिले की त्याचे आणि माणसाचे नाते संपते. इकडच्या राखणदाराला वहाणा दिल्या तरच ते टिकते. दोन्हीकडे देणे आहे, पण देण्याचा अर्थ अगदी उलटा आहे. तिकडे कपडा बुटक्याला मोकळा करतो. इकडे वहाणांनी तो पुढच्या वर्षाच्या कामाला लागतो, आणि देणारा पुढच्या वर्षाच्या देण्याला.

काकीच्या प्रश्नाचा अर्थ मला ही तुलना करताना कळला. मी राखणदाराला लाल टोपी घालू दिली, तेव्हा टोपीबरोबर तिकडचा न्यायही आत आला. माझा राखणदार ‘मला काही नको’ म्हणाला, म्हणजे तो कामातून मोकळा झाला. जो काही घेत नाही तो काही राखणार तरी कशासाठी? मुलांना मी मायेचा संदेश देत होतो. प्रत्यक्षात मी त्यांना सांगत होतो, की बाग आपोआप राखली जाते आणि त्यापोटी कुणाचे काही देणे लागत नाही. हिशेबी मुलाचा युक्तिवाद मी राखणदाराच्याच तोंडी घातला होता. गोष्टीत ज्याची खोड मोडली होती, माझ्या गोष्टीत तोच जिंकला.

शब्दांच्या बाबतीतही हेच होते. जखीण हा शब्द यक्षिणीवरून आला. यक्ष-यक्षिणी हे ठेव राखणारे, झाडापाशी आणि पाण्यापाशी वस्तीला असणारे. त्यांचे कुणाशी तरी बांधलेपण असते. कालिदासाच्या यक्षालाही वर्षभराचा विरह भोगावा लागला तो कामात कुचराई केली म्हणून. मुलांच्या पुस्तकात जखिणीची ‘वनपरी’ होते तेव्हा तिचे पंख वाढतात आणि काम सुटते. परी हा फार्सीतून आलेला देखणा शब्द आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण जखिणीच्या जागी तो आला की वाचक विचारायचा थांबतो, की ही इथे कशाची राखण करीत बसली आहे?

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. माझे एक विवेकवादी स्नेही म्हणतात, ‘तुमचा मूळ गोष्टीचा आग्रह म्हणजे अंधश्रद्धेला सौंदर्यशास्त्राचे पांघरूण.’ ज्या राज्यात नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला, तिथे कोंबडा मागणाऱ्या धोंड्याची गोष्ट मुलांना जशीच्या तशी का सांगावी? आणि राखणदाराचे एक वेळ राहू द्या. हडळीचे काय करणार? बाळंतपणात मेलेल्या बाईला उलट्या पावलांची करून झाडावर बसवणारी ही समजूत आहे. जिला जगताना कुणी वाचवले नाही, तिला मेल्यावर गावाने वाळीत टाकले. तीही जशीच्या तशी सांगायची?

या आक्षेपाचा पहिला भाग मला पटत नाही. गोष्टीतला धोंडा आणि गावातला धोंडा यांतला फरक मुलांना आपण समजतो त्याहून चांगला कळतो. आजीची गोष्ट ऐकून आमच्यापैकी कुणीही वहाणा घेऊन धोंड्याकडे धावले नाही. पण उन्हाळ्यात एखाद्या आळ्यात पाणी गेले नाही तर आमच्या पोटात कालवे, हे खरे. दुसरा भाग मात्र मला निरुत्तर करून गेला होता. त्याचे उत्तर मला सापडले ते राजस्थानात.

विजयदान देथा (१९२६–२०१३) यांनी आपल्या बोरुंदा गावात ऐकलेल्या कथा राजस्थानीत नव्याने लिहिल्या. ‘बातां री फुलवाड़ी’ या नावाने त्यांचे अनेक खंड निघाले. त्यांची ‘दुविधा’ ही कथा झाडावरच्या भुताची आहे. सावकाराचा मुलगा नव्या नवरीला घेऊन घरी निघाला आहे. वाटेत खेजडीच्या झाडाखाली वऱ्हाड विसावते आणि त्या झाडावरचे भूत नवरीवर भाळते. नवऱ्याचे चित्त लग्नाच्या जमाखर्चात. घरी पोचतो न पोचतो तोच तो व्यापारासाठी परदेशी जातो. भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. ते साऱ्या घराला फसवते. फक्त नवरीला खरे सांगते आणि निर्णय तिच्यावर सोपवते. पुढे खरा नवरा परततो, एक धनगर चातुर्याने भुताला पखालीत कोंडतो आणि घराचा कारभार पूर्ववत सुरू होतो. मूळ लोककथेचा आनंद या धनगराच्या चातुर्यात असणार. अशा न्यायनिवाड्याच्या गोष्टी आपल्याकडेही पुष्कळ आहेत. देथांनी घटना फारशा बदललेल्या नाहीत. त्यांनी एवढेच केले, की सारा गाव खरा नवरा कोणता हे ठरवत असताना आपल्याला त्या बाईकडे पाहायला लावले. तिला कोण हवे, हे सबंध कथेत फक्त त्या भुताने विचारले होते.

हे पुनर्कथन मला आदर्श वाटते. त्यात लाड नाही, कारण भुताची सुटका केलेली नाही. जंत्री नाही, कारण भूत कोणत्या जातीचे याची चौकशी नाही. नुसती भीतीही नाही. मूळ गोष्टीत असलेला, पण सांगणाऱ्यांनी वर्षानुवर्षे न उच्चारलेला प्रश्न लेखकाने उच्चारला आहे. हडळीच्या गोष्टीचेही असेच करता येईल. तिची पावले सरळ करून तिला मुलांची मावशी बनवण्याची गरज नाही. पावले उलटीच असू द्यावीत आणि ती कशाने मेली हे गोष्टीत कुणीतरी विचारावे. तेवढ्याने गावाची भीती गावावरच उलटेल.

‘दुविधा’वर दोन चित्रपट निघाले. मणि कौल यांचा १९७३ चा आणि आपल्या अमोल पालेकरांचा ‘पहेली’, २००५ चा. कौल यांनी कथेची स्तब्धता जपली. पालेकरांनी शेवट बदलला: भूत नवऱ्याच्याच शरीरात शिरते आणि नायिकेला तिचा प्रियकर मिळतो. ‘पहेली’ मी दोनदा आनंदाने पाहिला आहे आणि त्याची रंगत मला नाकारायची नाही. स्त्रीच्या इच्छेला न्याय मिळावा, ही त्यामागची ओढही मी समजू शकतो. पण चित्रगृहातून बाहेर पडताना माझ्या मनावर काही ओझे नव्हते, आणि देथांची कथा वाचल्यानंतर ते दिवसेंदिवस होते. भुताने तिची सोय केली, त्यामुळे घराला, नवऱ्याला, गावाला आणि प्रेक्षकाला काहीच करावे लागले नाही. लोककथेतल्या देण्याची फेड लेखकाने परस्पर करून टाकली, की वाचक मोकळा होतो. मी आजीच्या गोष्टीत हेच, पण कितीतरी कमी कौशल्याने, केले होते.

मराठीत या जातीचे मोठे उदाहरण शोधायचे तर चिं. त्र्यं. खानोलकरांकडेच जावे लागेल. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई या गावी जन्मलेला हा लेखक. राईतच जन्मला म्हणावे असे त्या गावाचे नाव. ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबरीला समुद्रकाठच्या एका जागेविषयीच्या गूढ श्रद्धेचा आधार आहे. खानोलकर त्या श्रद्धेची नोंद करीत नाहीत आणि तिचे लाडही करीत नाहीत. वर मिळतो तेव्हा त्याबरोबर अट येते, आणि अटीच्या भाराखाली माणूस कसा वाकतो, मोडतो, हे ते पाहतात. श्याम बेनेगल यांनी १९७८ साली या कादंबरीवर चित्रपट काढला, तो हा भार त्यांनाही जाणवला म्हणूनच असावा. खानोलकरांची भाषा कधी कधी धुक्यात हरवते, हा आरोप मला मान्य आहे. पण अदृश्याशी झालेल्या व्यवहारात माणूस फुकट सुटत नाही, हे त्यांनी कोठेही विसरू दिले नाही.

तेव्हा पुनर्कथनकाराने काय बदलावे आणि काय बदलू नये? मला वाटते, पुष्कळ काही बदलता येईल. ग्रिमांनीही बदलले, हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडणारी सख्खी आई १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. भाषा बदलावी, कोंबडा नको वाटला तर नारळ द्यावा, श्रद्धा नसली तर नसल्याचे मोकळेपणी जाणवू द्यावे. पण गोष्टीत कोण कुणाचे काय देणे लागतो, हा हिशेब बदलू नये. तो हिशेब हीच त्या गोष्टीची गाठ असते. ती सोडली की हाती सुटा दोरा येतो. त्याची लाल टोपीही विणता येते.

हा हिशेब केवळ वाङ्मयीन नाही, हे सांगून मला थांबायचे आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या धाकाने ज्या रायांना पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड लागली नाही, तिथे आसपास नाहीशी झालेली झाडे आणि वेली टिकून राहिल्याचे त्यांनी दाखवून दिले. मी श्रद्धावान नाही. रानात देव राहतो असे मला वाटत नाही. पण ‘इथून काठीही न्यायची नाही’ असे सांगणारी गोष्ट आणि ‘रानावर प्रेम करा’ असे सांगणारी गोष्ट, या दोहोंपैकी कोणत्या गोष्टीने रान राखले, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

आणि एक कबुली. मी ती गोष्ट लिहिली तेव्हा आमच्या घरातून राखणदाराला वहाणा देणे बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. आजी गेल्यावर ते आपोआप सुटले. आम्ही सारे भाऊ शहरात, शिंपणे कुणी करायचे, पाट कुणी बघायचा, हाच प्रश्न होता. गोष्टीतून मी जे गाळले ते आम्ही जगण्यातून आधीच गाळले होते. माझ्या पुनर्कथनाने त्याला एक गोंडस कारण तेवढे पुरवले. काकीला हे माझ्याआधी दिसले असावे. पुढे वाटण्या झाल्या, बाग विकली गेली. नव्या मालकाने गडगा पाडून पक्की भिंत घातली. धोंडा आत राहिला की बाहेर, हे मी विचारले नाही. कागदावर सही करणाऱ्यांत मीही होतो.

गेल्या वर्षी एका शाळेत गोष्ट सांगण्याचा प्रसंग आला. या वेळी मी आजीचा शेवट सांगितला. झिजलेले तळवे सांगितले आणि थांबलो. वर्गात थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘पुढच्या वर्षी त्याने वहाणा दिल्या का?’

आजीने ते कधी सांगितले नव्हते. मीही सांगितले नाही.